फौज ती फौज

आमच्या कऱ्हेपठारावरचा अठराव्या शतकातला शेतकरी वर्षातून दोनदा क्षितिजाकडे डोळे लावून बसे. मृग निघाला की ढगासाठी, आणि दसरा झाला की धुळीसाठी. दिवेघाटाच्या माथ्यावर किंवा बापदेवाच्या खिंडीशी धुळीचा लोट उठला, की पुण्याहून फौज निघाली हे कळायचं. मग बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून खळ्याकडे धावायच्या, गुराखी जनावरं ओढ्याच्या बेचक्यात नेऊन घालायचे आणि वेशीचं दार लागायचं.

माझ्या आजीने हे पाहिलेलं नव्हतं. तिच्या आजीनेही नाही. तिच्या आजीच्या आजीने लहानपणी पाहिलं होतं, आणि जात्याशी, चुलीशी, खुरपणीच्या पातीवर बसलेल्या बायकांच्या तोंडून ते माझ्यापर्यंत आलं. आजी सांगायची तेव्हा मधली दीडशे-पावणेदोनशे वर्षं गळून पडत. "फौज आली. बाजरी खळ्यावर व्हती. रात्रीत खळं साफ." एवढंच. पुढे ती गप्प राही, जणू अजून त्या रिकाम्या खळ्याचा हिशेब लागायचा आहे.

मी तेव्हा शाळेत इतिहास शिकत होते. पुस्तकातल्या फौजा दोनच प्रकारच्या असत, आपली आणि शत्रूची. म्हणून मी विचारलं, "कुणाची फौज, आजी? निजामाची का आपली?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पोर शाळेत जाऊन काय शिकते कोण जाणे. म्हणाली, "फौज ती फौज, बाय. घोडं कुणाचं हाय हे बाजरीला काय कळतंय?"

पुढे मी पेशवाईवरची पुस्तकं वाचली, सनावळ्या पाठ झाल्या, लढायांचे नकाशे पाहिले. पण त्या शतकात साधी माणसं कशी जगली असतील, याचा विचार करायला बसले की मला आजीचं हे वाक्य धरूनच आत शिरावं लागतं.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, ही रीत शेताच्या बाजूने पाहिली की तिचा अर्थ लागतो. पावसाळ्यात नद्या दुथडी असतात, वाटा चिखलात असतात, घोड्यांना चारा असला तरी तोफांचे गाडे हलत नाहीत. दसऱ्याला जमीन वाळते, नद्यांना उतार मिळतो. आणि नेमकी त्याच सुमारास आमच्याकडची बाजरी खळ्यावर आलेली असते. शाळू नुकताच वीत-दोन वीत वर आलेला असतो. फौज जाताना खळं आणि कोवळं पीक सापडे, आणि वैशाखात परतताना कडब्याच्या गंजी. थोरल्या माधवरावांच्या काळात हैदराविरुद्ध कर्नाटकात एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. दक्षिणेच्या वाटेवरच्या गावांनी त्या पाहिल्या त्या अशा, जाताना एकदा आणि येताना एकदा.

फौज म्हणजे नुसते लढणारे नव्हेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. स्वारांच्या मागे मोतद्दार, घास कापणारे, पखालजी, लोहार, वैद्य, सावकार, भांडी-कापडाचे दुकानदार, कलावंतिणी, सरदारांचा कुटुंबकबिला, आणि वाट सुरक्षित म्हणून सोबत निघालेले यात्रेकरू. पानिपताकडे निघालेल्या फौजेबरोबर कुरुक्षेत्राचं, काशीचं स्वप्न घेऊन निघालेली माणसं होती. नाना फडणीस आपल्या आईला आणि पत्नीला घेऊन गेले होते; आई तिथून परत आलीच नाही, हे त्यांनी स्वतः आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. लढणाऱ्यांपेक्षा बुणगे जास्त, अशी ही चालती वस्ती. तिला रोज दाणा, वैरण, लाकूडफाटा, पाणी लागे. धान्य पुरवायला वंजाऱ्यांचे तांडे असत, हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते लष्कराच्या मागे चालत. पण वैरण आणि जळण जवळपास मिळेल तिथूनच घ्यावं लागे. म्हणजे ज्याच्या शिवारात मुक्काम पडला त्याच्याकडून.

शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र मराठी माणसाला ठाऊक आहे. रयतेकडून काही फुकट उचलू नका, दाणा-वैरण-भाजी रोख पैसे देऊन बाजारातून आणा, अशी ताकीद त्यात आहे. शिवाय रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथपर्यंत त्या राजाचं लक्ष गेलं होतं. मला त्या पत्रातला उंदीर फार मोलाचा वाटतो. गवताची गंजी जळाली तर घोडी उपाशी मरतील आणि मग स्वार शेतकऱ्याच्या दारात उभा राहील, ही साखळी ज्याला दिसते तोच असं लिहू शकतो.

शंभर वर्षांनी फौजा मोठ्या झाल्या होत्या, आणि पगार थकत होते. सरदाराला प्रांत तोडून दिलेला, त्याच्या वसुलातून त्याने पथक पोसायचं. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा मेला तर त्याची रोजी संपली. महिनोन् महिने पगार न मिळालेला शिलेदार घोडा उभ्या पिकात सोडणार नाही तर काय करणार? १७७३ च्या ऑगस्टच्या अखेरीस शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर चालून गेलेल्या गारद्यांचीही थकल्या पगाराची तक्रार होतीच. आमच्याकडे पोर जेवलं नाही की आजी म्हणे, "थांब, गारदी येतील." शनिवारवाड्यातलं रक्त आमच्या स्वयंपाकघरात असं पोचलं होतं.

सरकारला हे नुकसान ठाऊक नव्हतं असं नाही. पेशवाईच्या जमाबंदीच्या कागदांत त्याचं एक स्वतंत्र कलमच असे, पायमल्ली. लष्कराने तुडवलेल्या पिकाची पाहणी व्हायची, कुळकर्णी टिपण करायचा, आणि गावाच्या साऱ्यातून तेवढी सूट मिळायची. नेहमी मिळायची असं नव्हे, आणि मिळाली तरी साऱ्यातून. गेलेली भाकरी परत येत नसे. तरीही मला या कलमाबद्दल आदर वाटतो. आपल्याच फौजेने आपल्याच रयतेचं पीक खाल्लं, हे त्या राज्याने आपल्याच हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं.

गावाने मात्र सुटीवर विसंबून राहायचं नसतं हे ओळखलं होतं. गावाचा खरा विश्वास पेवावर.

पेव आता कुणाला दाखवता येत नाही. आमच्या जुन्या घराच्या गोठ्यात एक होतं, ते बुजवलं. पण आजीने त्यात उतरलेलं माणूस पाहिलं होतं, आणि तिचं वर्णन मला पाठ आहे. जागा उंच हवी, पाणी न झिरपणारा कडक मुरूम हवा. तोंड इतकंच की एक माणूस अंग चोरून उतरेल. आत पोट घागरीसारखं फुगत गेलेलं. खणून झालं की आत काटक्या जाळून भिंती वाळवायच्या. मग तळाला आणि कडेने कडब्याचा, गव्हाच्या काडाचा जाड थर. त्यात वाळलेली ज्वारी ओतायची, वर पुन्हा काड, त्यावर माती, आणि ती धुम्मस करून वर शेणाने सारवून टाकायचं. वरून चालणाऱ्याला कळता कामा नये की पायाखाली वर्षाची भाकरी आहे.

उघडण्याची रीत तर याहून काळजीची. तोंड मोकळं करून दिवसभर तसंच ठेवायचं. मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर उतरायचं नाही. कोंडलेल्या धान्याची हवा माणूस मारते, हे आजीला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. "दिवा जगला तर माणूस जगंल," ती सांगे. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येतो, भाकरी किंचित लालसर होते. तो वास ज्या घरात येई ते घर सुखी समजलं जाई, कारण त्याचा अर्थ वाईट वर्षातही तिथे चूल पेटते आहे.

पेव कुठे आहे हे घरातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक असे. आमच्या घरातली रीत अशी, की नव्या सुनेला ते पहिलं मूल झाल्यावर सांगायचं. पुढे पेंढारी येऊ लागले तेव्हा ते घरात, अंगणात घागरी ओतून पाहत. पाणी जिथे पटकन मुरेल तिथली जमीन खणलेली, म्हणून तिथे उकरायचं. त्यावर उपाय म्हणून आमच्या पूर्वजांनी पेवाच्या तोंडावर जनावरं बांधली. गोठ्याची जमीन सदाच ओली, मुतारलेली. तिथे पाणी ओतून काय कळणार? ही युक्ती काढणारी बाई होती असं आजी ठामपणे सांगे. तिचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. कथा टिकते, बायकांची नावं टिकत नाहीत, हे मी आमच्या घराण्यातच पाहिलं.

पण पेंढाऱ्यांच्याही आधी १७६३ साल आलं होतं. पानिपतानंतरची दोन वर्षं, कोवळे माधवराव पेशवे, काका-पुतण्याचा कलह. निजामअली पुण्यावर चालून आला. पुण्याच्या लोकांनी घरं सोडली. ज्याला जमेल तो सिंहगडाकडे, लोहगडाकडे, पुरंदराकडे पळाला. पेशव्यांचा कबिला सिंहगडाच्या आश्रयाला गेला. शहरात ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरं वाचली, बाकीची जळाली, पाडली गेली. सिंहगडाच्या पायथ्याला लागलेल्या आगीत सरकारी कागदही गेले. आमच्या भागातली माणसं पुरंदर आणि वज्रगडाच्या कपारींत जाऊन बसली असं घरात सांगत. पोरांनी रडू नये म्हणून त्यांच्या तोंडात गुळाचा खडा, म्हशीच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबलेली. म्हातारी माणसं मागेच राहत. आणि वेस राखणारा वेसकर मागे राहत असे.

शाळेत गेल्यावर मला कळलं की ज्या महिन्यांत निजामअली पुणे जाळत होता, त्याच महिन्यांत पेशव्यांची फौज त्याच्या मुलखात खंडण्या घेत हैदराबादकडे गेलेली होती. दोन्ही सैन्यांनी एकमेकांना गाठण्याऐवजी एकमेकांची गावं गाठली. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला गोदावरीकाठी लढाई झाली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला, आपला विजय झाला. तोवर दोन्हीकडच्या रयतेचा पेरणीचा हंगाम गेला होता.

दहा-अकरा वर्षांनी पुरंदरावरच नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवराव जन्मले, १८ एप्रिल १७७४ ला. ते पेशवे झाले चाळीस दिवसांचे असताना. आमच्याकडच्या बायका या जन्माची वेगळीच गोष्ट सांगत. मुलगी झाली तर बदलायला मुलगा हवा म्हणून गडावर आणखी काही गरोदर ब्राह्मणबायका नेऊन ठेवल्या होत्या, अशी वदंता त्या काळापासूनच चालत आली आहे. खरं-खोटं कुणी करू शकत नाही. पण आजी ती सांगताना थांबे ती त्या दुसऱ्या बायकांपाशी. "त्यांच्या लेकरांचं काय झालं गं?" हा प्रश्न मी कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला नाही.

गाव सोडून गेलेली माणसं परत कशी येत, हे मला आजीच्या गोष्टीतून कधी कळलं नव्हतं. ते कळलं मोडीतून. आमच्या गावात कुळकर्ण्यांच्या वाड्यातले एक वृद्ध मास्तर मोडी वाचत. लाल रुमालात बांधलेली दप्तरं सोडून त्यांनी मला बोरूचं अक्षर, जुन्नरी कागदाचा पोत, पानिपतचं साल अरबी शब्दांत कसं लिहीत ते दाखवलं: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यांच्यामुळेच मी पुढे पुण्याच्या पुरालेखागारात, जुन्या पेशवे दफ्तरात, जाऊ लागले. कोटींच्या घरात कागद असलेली ती इमारत १८९१ पासून उभी आहे. तिथे लढायांच्या बातम्यांपेक्षा जास्त कागद गुरांचे, विहिरींचे, बांधांचे, वतनांच्या भांडणांचे, दुसऱ्या लग्नांचे आहेत.

त्यांतले कौल मला सर्वांत आवडतात. धामधुमीत गाव परागंदा झालं, जमीन पड पडली, की सरकार कौल देई: परत या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असा वाढत वाढत अमुक वर्षांनी पूर्ण. याला इस्तावा म्हणत. बी-बियाणं, बैल यांसाठी तगाई मिळे. राज्याला रयत हवी होती, कारण माणसाविना जमीन म्हणजे नुसतं रान. शेतकऱ्याच्या हातात त्या काळी एकच शस्त्र होतं, उठून जाणं, आणि कौल हा त्या शस्त्रापुढे सरकारने केलेला तह असे. महजरांच्या खाली पाटलाने काढलेला नांगर दिसतो. अक्षर येत नाही, पण सही आहे. ज्याने पोट भरतं तेच नावाच्या जागी. असा पहिला नांगर पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो कागद हातातून ठेवला नव्हता.

मग फौज नसे तेव्हाचे दिवस. तेच जास्त असत, पण ते कुणी सांगत नाही, कारण त्यात काही घडत नाही. पहाटे जातं. काडेपेटी नव्हती, म्हणून चुलीतला निखारा राखेत झाकून जपायचा. विझला तर शेजारणीकडून शेणीवर विस्तव आणायचा. ज्या घरी विस्तव मागायला जाता येत नसे, तिथे वैर होतं असं समजावं. दिव्यात करडईचं तेल, तेही बेताने. जेवण म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा, आणि मिरची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली मिरची तोवर घरचीच झाली होती. बटाटा, टोमॅटो, चहा मात्र त्या चुलीवर नव्हते. मीठ कोकणातून बैलांवर घाटावर येई, आणि वंजाऱ्यांचा तांडा गावाबाहेर उतरला की तो सणाचा दिवस, कारण मिठाबरोबर बातमी येई. कोण जिंकलं, कुठे दुष्काळ, कुठल्या गावात देवीची साथ.

देवीची साथ येई तेव्हा फौजेपेक्षा जास्त पोरं नेई. आजी सांगे, पोराला देवी येऊन गेल्याशिवाय ते आपलं समजायचं नाही. त्यावरची लस मुंबईला पहिल्यांदा टोचली गेली १८०२ मध्ये, एका तीन वर्षांच्या मुलीला. आमच्याकडे पोचायला पुढे किती पिढ्या गेल्या.

पैसा होता, पण तो एकसारखा नव्हता. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, मल्हारशाही रुपया, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. तो कळायला सराफ लागे. खेड्यातलं काम बहुतेक धान्यावर चाले. सुताराने नांगर दुरुस्त केला, कुंभाराने गाडगी दिली, न्हाव्याने डोई केली, की लगेच कुणी दाम मोजत नसे; खळ्यावर रास पडली की प्रत्येक बलुतेदार आपला वाटा नेई. त्रिंबक नारायण अत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिलं तेव्हाही हे पुष्कळ उरलं होतं, आणि त्यातला जाच त्यांनी लपवला नाही. कुळकर्ण्याच्या पोराला पंतोजी धुळपाटीवर अक्षरं गिरवायला लावी, पावकी, निमकी, दीडकी, औटकी म्हणवून घेई. आमच्या घरातल्या पोरांना ते नव्हतं. माझे आजोबा औटकी म्हणत, साडेतीनाचा तो पाढा, पण त्यांनी तो शाळेच्या भिंतीबाहेर उभं राहून ऐकला होता.

आता मागे राहणाऱ्या वेसकराकडे, गावच्या महाराकडे, यायला हवं. आमच्या घरच्या गोष्टीत तो येतो आणि जातो. गाव पळालं, वेसकर राहिला. गाव परत आलं, वेसकराने दार उघडलं. मधल्या दिवसांत त्याने काय सोसलं यावर एक शब्द नाही. त्याचं घर गावकुसाच्या बाहेर. म्हणजे वेशीचं दार लागलं, की ज्याने ते राखायचं तोच दाराच्या बाहेरच्या बाजूला. शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष प्रमाण मानत, कारण शिवार त्याच्या पायाखालचं. सरकारचा सारा पोचवायचा त्यानेच, लष्कराची ओझी वेठीने वाहायची त्यानेच. आणि देवळाची पायरी त्याला नव्हती. पेवाची युक्ती आमच्या घराने पिढ्यान् पिढ्या सांगितली. वेसकराच्या घरात त्या दिवसांची काय गोष्ट सांगत असतील, ती आमच्यापैकी कुणी कधी विचारायला गेलं नाही. त्या गोष्टीवाचून आमची गोष्ट अर्धी आहे.

अशीच एक बाई. आजीच्या गोष्टीत कधी कधी "ती दळणारी" असा उल्लेख येई. पाटलाच्या वाड्यात एक दळणारी होती, ती कुठून तरी लांबून आणलेली, तिची भाषा वेगळी. मी विचारलं तर आजी एवढंच म्हणे, "आणली व्हती." कागद वाचू लागल्यावर उलगडा झाला. पेशवाईत कुणबिणी, बटकी विकत घेतल्या जात, भेट दिल्या जात, मोहिमेतून धरून आणल्या जात. बदकर्माचा आरोप ठेवलेल्या बायका सरकारजमा होत आणि किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत राबत. दळण, कांडण, शेण, मुदपाक. थकल्यावर काहींना मोकळं करत, ते औदार्य म्हणून लिहिलेलं असे. त्यांच्या किमती कागदांत आहेत. पानिपतानंतर पती सदाशिवरावभाऊंच्या मरणावर विश्वास न ठेवता १७८३ पर्यंत कुंकू लावून जगलेल्या पार्वतीबाई सर्वांना ठाऊक आहेत, आणि १७७६ मध्ये भाऊसाहेब म्हणून उभ्या राहिलेल्या तोतयाची कथाही. त्या कळवळ्याला मी कमी लेखत नाही. पण वेगळी भाषा बोलणारी ती दळणारी, जिच्या गावी तिची कुणी वाट पाहत असेल, तिच्यासाठी आपल्या इतिहासात एक ओळ असावी म्हणून मी हे लिहिते आहे.

कारण ती आमच्या गावात आपोआप आली नव्हती. कुणीतरी तिला घोड्याच्या मागे आणलं होतं.

आजीच्या गोष्टीत फौज नेहमी बाहेरून येई. पण आमच्या घरात चांदीचा एक तोडा होता, घडण इकडची नाही. तो कुणी आणला विचारलं तर अभिमानाने उत्तर मिळे, खापरपणजोबांचे आजोबा मुलूखगिरीला जात. म्हणजे दसऱ्याला इथली बाजरी खळ्यावर टाकून आमचाच माणूस घोड्यावर बसून जात असे, आणि कुठल्या तरी परक्या गावाच्या क्षितिजावर धूळ होऊन उठत असे. शेतकरी आणि स्वार ही पुष्कळदा एकाच घरातली, कधी एकच माणसं होती. कोरडवाहू जमिनीवर भागत नव्हतं, म्हणून ते जात. हे कारण खरं आहे. त्याने त्या परक्या गावातली बाजरी परत येत नाही, हेही खरं आहे.

पुण्यात माझ्याबरोबर नोकरी करणारी एक बंगाली मैत्रीण होती, बर्धमानकडची. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, तिच्या आजीने तिला झोपवताना मराठ्यांची भीती घातली होती. आमच्याकडे गारदी, तिच्याकडे बर्गी. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकरांना नवाब अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून दग्याने मारलं. १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली. आपल्याकडे हा पराक्रमाचा अध्याय आहे. तिच्याकडे त्यावर त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने काव्य लिहिलं, 'महाराष्ट्र पुराण'. त्यात गावं पळताना दाखवली आहेत: पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, जो तो आपल्या धंद्याचं हत्यार काखोटीला मारून. महजरावर नांगर काढणारा आमचा पाटील त्या रांगेत सहज उभा राहिला असता.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा हे सगळं मी माझ्या थोरल्या चुलतीला सांगितलं. आजीनंतर त्या घरात जुनं ठाऊक असलेली तीच उरली आहे. ती शेंगा फोडत ऐकत होती. मराठ्यांनी तिकडे असं केलं यावर ती चकित झाली नाही, रागावलीही नाही. तिने एकच विचारलं, "मग धान्य कुठं लपवलं गं त्यांनी? पेवं व्हती का तिकडं?"

मी म्हटलं, "नाही काकू. तिकडे दोन-चार हात खणलं की पाणी लागतं. भात जमिनीवरच ठेवतात, बांबू-पेंढ्याच्या गोल कणग्यांत, अंगणात उंच ओट्यावर. लांबूनसुद्धा दिसतं."